चार मिनिटांत काढलेली चेनवाली

तुम्ही रोज ज्या बस थांब्यावर उभे राहता, तिथे तुमच्या डाव्या हाताला कोण बसतं, सांगाल?

आठवा, घाई नाही. चपलांचा माणूस? किल्ल्यांचा? की कुणीच नाही, नुसता फूटपाथ? नाही ना आठवत. मग मान खाली घालू नका, मलाही धड सांगता आलं नसतं. आणि मी तर फूटपाथवर पोट भरणाऱ्यांसाठी सतरा वर्षं भांडते आहे. शाळा आठवीत सुटली, कायदा मी वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर बसून शिकले, आणि माझा आवाज चढलेला ऐकून तिथले शिपाई आधीच दार लावून घेतात. तरी सांगते, मला दिसत नव्हतं. ज्याला दिसत होतं त्या माणसाची ही गोष्ट.

आमच्या जुन्या थांब्याच्या टोकाला पत्र्याची हिरवी केबिन आहे. आत एक स्टूल, एक फळी, समोर काच नसलेली खिडकी आणि डोक्यावर घड्याळ. त्या घड्याळाखाली टाइमकीपर बसतात. कुठली बस किती वाजता आली, किती वाजता सुटली, ते लिहायचं, एवढंच काम. वय छप्पन्न. आधी वीस वर्षं कंडक्टर होते. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांना इथे बसवलं. बोलणं कमी. कुणी विचारलं, "बस कधी येईल?" तर म्हणतात, "आली की."

मी त्यांच्याकडे गेले ते चेनवालीच्या कामासाठी. चेनवाली म्हणजे थांब्याच्या भिंतीला टेकून बसणारी, पिशव्यांच्या, दप्तरांच्या, जॅकेटच्या चेन दुरुस्त करणारी. चार फूट जागा, एक पोतं, एक पक्कड, एक डबा. वॉर्ड ऑफिस तिथे नवीन शेड बांधणार होतं आणि शेडखाली जागा मिळणार होती फक्त त्यांना, जे सहा वर्षांपूर्वीच्या सर्वेच्या आधीपासून तिथे बसत होते. चेनवाली तिथे अकरा वर्षं बसते. पण सर्वे झाला त्या आठवड्यात तिचे सासरे दवाखान्यात होते. ती जागेवर नव्हती, यादीत नाव आलं नाही. आता पुरावा आणा, नाहीतर उठा.

पुरावा कुठून आणायचा? आधी मी फोटो शोधले. त्या थांब्यावर उभं राहून लोकांनी काय कमी फोटो काढलेत! दहा-बारा जणांचे फोन पालथे घातले. प्रत्येकात फोन धरणाऱ्याचं तोंड. एका पोरीच्या फोटोत मागे चेनवालीचा कोपर होता, बस्स. तोही हलला होता.

म्हणून केबिनच्या खिडकीशी गेले. म्हटलं, हा माणूस रोज समोर बसतो, निदान साक्ष तरी देईल.

"भाऊ, चेनवाली इथे किती वर्षं आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"थांबा जरा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

मला राग यायला तेवढं पुरतं. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा हात दिसला. फळीवर वेळा लिहायचा कागद उलटा ठेवलेला, त्यावर पेन्सिल पळत होती. समोर एक माणूस खांद्यावर आरसा घेऊन रस्ता ओलांडत होता, मोठा, कपाटाचा आरसा. पेन्सिलने आधी त्याची वाकलेली मान घेतली, मग आरशाची तिरकी कड, मग त्याचा वर गेलेला हात. समोरची चार मजली इमारत? दोन रेघा. मग तो माणूस गाड्यांमागे गेला, आणि पाठोपाठ बस आली. ह्यांनी चित्राखाली लिहिलं, "१४ आली". कागद उलटला, वेळ टाकली, ड्रायव्हरची सही घेतली.

"हं, बोला ताई."

मी काय विचारायला आले होते तेच विसरले. "ह्याला पायच नाहीत," मी म्हटलं.

"पाय काढेपर्यंत बस आली."

"आणि इमारत एवढीशी?"

"जे आधी निघून जाणार ते आधी काढतो. इमारत कुठे पळते?"

असं बोलून ते डब्यातलं पाणी प्यायले, जणू कुणी वेळ विचारली आणि त्यांनी सांगितली. मी मात्र खिडकीशी खिळले. आरसा त्या माणसाच्या खांद्यावरून घसरेल की काय, अशी धाकधूक त्या पाच-सात रेघा बघताना मला खरोखर वाटत होती. रस्त्यावर प्रत्यक्ष तो माणूस जाताना अजिबात वाटली नव्हती. हे कसं होतं? मी विचारलं, चित्रकला कुठे शिकलात? तर वैतागले. "चित्र नाही हो. नोंद आहे. बस नाही तेव्हा रस्त्याची नोंद."

त्यांची पद्धत अशी. दिवसभराच्या वेळा कच्च्या कागदावर लिहायच्या, संध्याकाळी त्या डेपोच्या रजिस्टरमध्ये पक्क्या उतरवायच्या. कच्चा कागद मग फेकायचाच असतो. ते फेकत नाहीत, त्याच्या पाठीवर दोन बसच्या मधला रस्ता असतो. कधी तीन मिनिटांचा, कधी सहा. बस आली की हात थांबला, मग तोंडाचं नाक राहिलेलं असो की नाकाचं तोंड. पुन्हा त्याला हात नाही.

"जुने कागद आहेत?"

"घरी. बायकोला विचारा. तिची फार इच्छा आहे ते द्यायची."

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, कारण बायको शाळेचे गणवेश शिवते. मशीनच्या पायाशी निळ्या कापडाच्या चिंध्या, भिंतीला बाह्यांचे कागदी नमुने, आणि खाटेखाली पत्र्याची पेटी. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीची ती पेटी, आता कागदांनी भरलेली.

"न्या हो, सगळं न्या," बायको तोंडात टाचण्या धरून म्हणाली. "एकही माणूस पुरा नाही ह्यात. ह्यांनी आमच्या मुलीचं काढलं होतं, जाताना. बसच्या खिडकीतून हात तेवढा. पोरगी सासरी गेली, आमच्याकडे हात राहिला."

"चांगला आहे तो हात," टाइमकीपर म्हणाले.

"मी कुठे वाईट म्हटलं?" तिने टाचणी काढून कापडाला टोचली. "रोज बघते मी तो. तुम्हाला काय माहीत?"

कागद मात्र तिनेच नीट ठेवले होते. महिन्यामहिन्याचे गठ्ठे, गणवेशाच्या उरलेल्या पट्ट्यांनी बांधलेले. वरचे पाच-पन्नास कागद मी चाळले आणि माझा धीरच खचला. कुणाला तोंड नाही, कुणाला चप्पल नाही, रेघा एकमेकींवर चढलेल्या. वॉर्ड ऑफिसच्या मॅडम मला चांगल्या माहीत होत्या. त्या स्वल्पविरामावरून अर्ज परत करतात.

टाइमकीपर म्हणाले, "शोधू का? सर्वेच्या आधीचं एखादं असेल तिचं."

आणि इथे मी माती खाल्ली. म्हटलं, "हे? हे दाखवलं तर आपल्याला हसून हाकलतील. तुम्ही असं करा, एक मोठं चित्र काढा. थांबा कसा होता, कोण कुठे बसायचं, सगळं. नीट. पट्टी घेऊन."

"ताई, बसून काढता येत नाही मला."

"येईल की. फक्त बस येणार नाही, एवढाच फरक."

तेव्हा मला माझा विनोद फार आवडला होता.

त्यांनी चार दिवसांची रजा टाकली. मी मोठा पांढरा कागद आणि खोडरबर आणून दिला. मशीनच्या टेबलावर कागद पसरला, बायकोची शिलाईची पट्टी घेतली आणि बसले. मी रोज जायची. काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. "माणसांना पाय घाला," मी सांगायची. घातले. "तिचा चेहरा दिसू दे, ओळख पटायला हवी." काढला. "जरा मध्ये घ्या तिला." घेतली. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "ह्यांनी माझं मशीनही अडवलं आणि माझा नवराही. रात्री जेवताना सांगतात, खिडक्या एकूण बेचाळीस आहेत."

चित्र पुरं झालं. बेचाळीस खिडक्या, सगळ्यांच्या पायात बूट-चपला, चेनवाली मधोमध, समोर बघून हसतेय. मी खूश. चेनवालीला दाखवलं तर तिने भुवया चढवल्या.

"ही कोण?"

"तूच की गं."

"मी? मी एवढी रिकामी कधी बसते?"

"गप. साहेबलोकांना असंच लागतं," मी म्हटलं.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. चेनवालीला बाहेर व्हरांड्यात बसवलं, मी आणि टाइमकीपर आत. मॅडमनी चष्मा लावला, चित्र टेबलावर उलगडलं, कोपऱ्यांवर चार फाइली ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

"छान आहे. कधी काढलं?"

"गेल्या आठवड्यात," टाइमकीपर म्हणाले. खोटं बोलता येत नाही त्या माणसाला, हा आणखी एक ताप.

मी मध्ये पडले. "पण थांबा सहा वर्षांपूर्वीचा आहे, मॅडम. आठवून काढलाय."

"असं?" मॅडमनी बोट ठेवलं. "मग हा दिव्याचा खांब? हा मी स्वतः उभं राहून बसवून घेतला. दोन वर्षं झाली. आणि ही काचेची इमारत तेव्हा बांधून तरी झाली होती का?"

टाइमकीपर वाकले, खांबाकडे बघितलं आणि पुटपुटले, "रोज दिसतो ना. आला हातात."

माझा ताबा सुटला. "खांब महत्त्वाचा की माणूस? खांबाला जागा देता, त्याच्याकडे पुरावा मागितला होता का?"

"आवाज खाली," मॅडम म्हणाल्या. "सांगून काढून घेतलेलं चित्र आहे हे. मी हे मान्य केलं तर उद्या प्रत्येक जण चित्रकार घेऊन येईल. चार वाजेपर्यंत दुसरं काही असेल तर आणा. नाहीतर आज फाइल बंद."

घड्याळात दीड वाजला होता. व्हरांड्यात चेनवालीने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला तिथेच बसायला सांगितलं. 

मी आणि टाइमकीपर त्यांच्या घरी पळालो. बायकोने मशीन थांबवलं, पेटी ओढली, खोलीभर गठ्ठे मांडले. सर्वेच्या आधीचे सहा महिने. तिघांनी तीन बाजूंनी सुरुवात केली. आणि काय सांगू, मला शोधायचं होतं एक आणि मी थांबत होते प्रत्येकावर. छत्री उलटी झालेली बाई, छत्रीपेक्षा तिचा उडालेला पदर मोठा. दोन माणसं एक खाट नेताहेत आणि त्यांचं भांडण चालू आहे. भांडण कसं दिसतं चित्रात? दिसतं. एकाची हनुवटी पुढे, दुसऱ्याने खाटेचं टोक मुद्दाम खाली धरलंय. चार रेघांचं कुत्रं, पण खाजवतंय हे लांबून कळत होतं. जिथे वेळ संपला तिथे रेघ तशीच सुटलेली, आणि ती सुटलेली रेघच माणसाला पुढे चालवत होती. मी चार दिवस खोडरबर हातात देऊन ह्या माणसाला पट्टीवर बसवलं होतं. आतून ओशाळले, पण कबूल करायची सवय नाही, म्हणून बायकोला म्हटलं, "पंखा लावा हो जरा."

"हे बघा," बायको म्हणाली.

तिच्या हातातल्या कागदावर एक वाकलेली पाठ होती. गुडघ्यांत पिशवी घट्ट धरलेली, डावा कोपर खांद्याच्याही वर गेलेला, मान उजवीकडे कलंडलेली आणि दातांत काहीतरी. चेनवर वरखाली सरकतो तो तुकडा, त्याला चेनवाली रनर म्हणते. तो अडला की ती कापडाचं टोक दातांत धरते आणि डाव्या हाताने रनरला झटका देते. तो झटका कागदावर होता. चेहऱ्याच्या जागी एक आडवी रेघ. मागे इमारत नव्हतीच, सात काटक्यांसारख्या रेघा होत्या, बांधकामाच्या परांचीच्या. खाली लिहिलेलं, "७१ आली".

कागद उलटला. तारीख सर्वेच्या दोन महिने आधीची. ११.४२ ला ३८ सुटली, ११.४६ ला ७१ आली. दोन्ही ड्रायव्हरच्या सह्या. म्हणजे ही बाई त्या चार मिनिटांतली.

मी टेबलावरची पेन्सिल उचलली. खोटं करायचं नव्हतं हो, फक्त चेहऱ्याची ती रेघ जराशी गडद, डोळा एखादा, ओळखू येण्यापुरता.

टाइमकीपरांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नका."

एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला असं वाटलं. बायकोच्या तोंडातली टाचणी पडली.

"मला तेव्हा जेवढं दिसलं तेवढं आहे त्यात. जे नाही ते आज घालू नका. तो खांब तसाच आला माझ्या हातून."

मला कुणी दटावलं तर मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी पेन्सिल खाली ठेवली.

पावणेचारला आम्ही मॅडमच्या टेबलाशी होतो. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, म्हणून पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले. मॅडमनी आधी मागची बाजू वाचली. तारीख, वेळा, सह्या. डेपोला फोन लावून रजिस्टरमधल्या वेळा विचारल्या. लागल्या. मग चित्र बघितलं. परांचीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही परांची त्याच वर्षी होती. इमारतीचा दाखला माझ्याच सहीने गेलाय." मग चष्मा वर केला. "पण ही बाई कोण? चेहराच नाही."

"वेळ नव्हता," टाइमकीपर म्हणाले.

"मग ती तुमची चेनवालीच, हे कशावरून?"

 टाइमकीपर चाचरले, हाताने हवेत काहीतरी कोपरासारखं करून दाखवायला गेले आणि थांबले. मॅडम कंटाळून दाराकडे बघायला लागल्या. आणि बघतच राहिल्या.

व्हरांड्यात बाकडं रिकामं होतं. चेनवाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. अडीच तास हातावर हात ठेवून बसणं तिला जमलं नसणार; शिपायाची डब्याची पिशवी तिने गुडघ्यांत धरली होती, टोक दातांत, मान उजवीकडे, डावा कोपर वर. शिपाई शेजारी उभा राहून सांगत होता, "सावकाश हो मावशी, साहेबांची नाही, माझी स्वतःची आहे." तिने झटका दिला. चेन सरकली.

मॅडम कागद घेऊन उठल्या, दारात गेल्या. एकदा कागद, एकदा ती. पुन्हा कागद. मला वाटतं, त्या चेनवालीपेक्षा कागदच जास्त बघत होत्या. मग खालच्या आवाजात, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाल्या, "चार मिनिटांत?"

"चारला दहा-पंधरा सेकंद कमी," टाइमकीपर म्हणाले. "७१ थोडी लवकर आली त्या दिवशी."

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. चेनवालीला हाक मारून त्यांनी विचारलं, "बाई, डावखुऱ्या आहात?"

"आहे. का हो? चालत नाही का?"

"चालतं." मॅडम आत आल्या, यादी उघडली, शेवटी नाव लिहिलं. "मूळ कागद मात्र फाइलला लावावा लागेल. प्रत चालणार नाही."

टाइमकीपरांनी हात पुढे केला, कागद परत घेतल्यासारखा धरला, एकदा खिडकीच्या उजेडात बघितला. मग टेबलावर ठेवला. "घ्या. नोंद आहे, नोंदीतच राहू दे." शिपायाने शिक्का मारला तो नेमका वाकलेल्या पाठीवर. त्यांनी डोळे मिटून घेतले.

चेनवालीला जागा मिळाली. पत्र्याची पाटी आली, शेडखाली भिंतीला ठोकली, तिने त्यावर पोतं अडकवलं. पण त्याच फूटपाथवर आणखी पाच जण आहेत ज्यांची नावं यादीत नाहीत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्या पेटीत चार मिनिटं आली असतीलच असं नाही. टाइमकीपरांच्या खिडकीतून फूटपाथची एकच बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला कोण बसतं, ते कुणीच काढलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या बसची वाट बघत उभे असाल तेव्हा फोन खिशात ठेवा आणि तिकिटाच्या, बिलाच्या, कशाच्याही पाठीवर समोरचं माणूस काढा. आधी ते, जे आता हलणार आहे. वाईट येईल, येऊ द्या. हात, डोकं, काहीतरी राहून जाईल, राहू द्या. खोडू नका, घरी जाऊन सुधारू नका, मला दाखवायला आणताना तर अजिबात नाही. खाली तारीख घाला, वेळ घाला आणि कागद फेकू नका.